निष्कर्षाचा अधिकार कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



अन्नातील भेसळ म्हटली की दुधातले पाणी आणि हळदीतला रंग डोळ्यांसमोर येतो. त्या भेसळीमागे एखादा अप्रामाणिक व्यापारी असतो. त्याला पकडता येते, शिक्षाही करता येते. आजचा विषय याहून अवघड आहे. येथे कोणी चोरून काही मिसळत नाही. कायद्याने संमत केलेल्या डब्यातून कायद्याने संमत केलेले रसायन अन्नात झिरपते आणि शरीरातील संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात ढवळाढवळ करते. असे एक रसायन कितपत घातक आहे हे ठरवण्यासाठी अमेरिकेत सरकारी आणि विद्यापीठीय शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन मोठा प्रयोग केला. त्या प्रयोगाची हकीकत राजकीय कार्यकर्त्याने समजून घेतली पाहिजे. कारण तिच्या मुळाशी सत्तेचा प्रश्न आहे.

या रसायनाचे नाव बिस्फेनॉल ए. पॉलिकार्बोनेट नावाचे कडक, पारदर्शक प्लास्टिक त्यापासून बनते. खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून जे इपॉक्सीचे अस्तर देतात, त्यातही ते असते. त्याचा गुणधर्म जगाला अचानक कळला असे मुळीच नाही. 1936 मध्येच लंडनचे संशोधक एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी अशी रसायने स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करतात हे दाखवले होते. पुढे 1950 च्या दशकात प्लास्टिक उद्योगाला त्याचा उपयोग सापडला आणि औषधाच्या कपाटाऐवजी ते स्वयंपाकघरात शिरले. अमेरिकेत 2003-04 साली सहा वर्षांवरील नागरिकांचे लघवीचे नमुने तपासले, तेव्हा 93 टक्के नमुन्यांत ते आढळले. याचा अर्थ असा, की या रसायनापासून दूर राहणे ही आता व्यक्तीच्या निवडीची बाब उरलेली नाही.

मग ते घातक आहे काय? येथे शास्त्रज्ञांत दोन तट पडले. जुन्या विषशास्त्राचे गृहीत असे, की मात्रा वाढली की अपाय वाढतो; मोठ्या मात्रेत काही घडले नाही, तर लहान मात्रा निर्धोकच. संप्रेरकांचे शास्त्र याला दुजोरा देत नाही. संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असूनच गर्भाची घडण करतात. त्यामुळे त्यांची नक्कल करणारे रसायन लहान मात्रेत एक परिणाम करील आणि मोठ्या मात्रेत तो दिसणारही नाही, असे घडू शकते. 2005 मध्ये फ्रेडरिक वॉम साल आणि क्लॉड ह्यूज यांनी लहान मात्रेवरील 115 प्राणी-प्रयोगांची मोजदाद केली. सरकारी पैशाने झालेल्या 104 प्रयोगांपैकी 94 मध्ये परिणाम आढळला होता. उद्योगांच्या पैशाने झालेल्या 11 प्रयोगांपैकी एकाही प्रयोगात तो आढळला नव्हता! या आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

तरीही नियामक यंत्रणा विद्यापीठांतील संशोधन सहसा बाजूला ठेवीत असे. ते ठरावीक प्रयोगशाळा-नियमावलीप्रमाणे झालेले नाही, प्राणी थोडे आहेत, पद्धती निरनिराळ्या आहेत, असे आक्षेप असत. विद्यापीठांचे उत्तर असे, की नियमावली हिशेबाच्या वह्या चोख ठेवते. परंतु तिच्यातील चाचण्या जुन्या आहेत आणि जे शोधायचे ते त्यांत सापडतच नाही. हा तंटा मिटवण्यासाठी 2012 मध्ये ‘क्लॅरिटी’, म्हणजे स्पष्टता, या नावाचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्यविज्ञान संस्था, राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रम आणि अन्न व औषध प्रशासन हे सरकारी भागीदार होते. विद्यापीठांतील 14 संशोधकांना अनुदान मिळाले. आर्कान्सा राज्यातील जेफरसन येथील सरकारी केंद्रात उंदीर वाढवायचे, त्यांना ठरलेल्या मात्रा द्यायच्या, आणि त्याच उंदरांच्या अवयवांचे नमुने सांकेतिक क्रमांक घालून विद्यापीठांकडे पाठवायचे. कोणता नमुना कोणत्या गटातला हे संशोधकाला ठाऊक नसे. आपली मोजमापे सरकारी कोठारात जमा केल्यानंतरच त्याला संकेताची उकल मिळे. ही योजना उत्तम होती, यात शंका नाही. संशयाला जागा राहू नये म्हणून दोन्ही पक्षांनी आपले हात बांधून घेतले होते.

परंतु सहकार्य प्रयोगशाळेपर्यंतच टिकले. फेब्रुवारी 2018 मध्ये सरकारी गाभा-अभ्यासाचा केवळ मसुदा बाहेर आला. विद्यापीठांचे सर्व निकाल अद्याप हाती यायचे होते, दोन्हींची सांगड घालायची होती. असे असताना अन्न व औषध प्रशासनाने निवेदन काढले, की परिणाम अत्यल्प आहेत आणि सध्याचे संमत वापर सुरक्षितच आहेत. वास्तविक याच गाभा-अभ्यासात दिवसाला दर किलो वजनामागे 2.5 मायक्रोग्रॅम या सर्वांत लहान मात्रेला, ज्या माद्यांना गर्भावस्थेपासून केवळ दूध सुटेपर्यंत रसायन दिले होते त्यांच्यात, स्तनग्रंथीचा कर्करोग लक्षणीय वाढलेला दिसला होता. अमेरिकी पर्यावरण संस्थेने जी दैनंदिन मात्रा निर्धोक म्हणून ठरवली होती, तिचा ही मात्रा विसावा भाग आहे. मात्रेबरोबर परिणाम चढत गेला नाही, म्हणून प्रशासनाने त्याला महत्त्व दिले नाही. पुढे 2020 मध्ये विद्यापीठांच्या आठ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मेंदू, हृदय, अंडाशय, पुरःस्थ ग्रंथी, स्तनग्रंथी यांवर परिणाम नोंदले होते आणि त्यांतील अनेक त्याच सर्वांत लहान मात्रेला दिसले होते.

प्रशासनाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. शेकडो तुलना केल्या की काही फरक निव्वळ योगायोगाने दिसतात, हे संख्याशास्त्रीय सत्य आहे. पण येथेच अर्थशास्त्राचा विद्यार्थी एक प्रश्न विचारील. चूक दोन प्रकारची होऊ शकते. निरुपद्रवी रसायनावर बंदी आली, तर तोटा उद्योगाचा होतो; तो ताळेबंदात दिसतो, त्यासाठी वकील उभे राहतात. अपायकारक रसायनाला परवानगी राहिली, तर तोटा लक्षावधी घरांत विखुरला जातो. तो आजारपणाच्या खर्चात, न झालेल्या मुलांत, बुडालेल्या रोजगारात मुरतो आणि कोणत्याही वहीत चढत नाही. पुराव्याची पायरी किती उंच ठेवायची हे ठरवणे म्हणजे या दोन तोट्यांपैकी कोणता सोसायचा हे ठरवणे. हा निर्णय विज्ञानाच्या नावाने घेतला जात असला, तरी तो सामाजिक निर्णय आहे.

पुरावा तोच असताना निर्णय वेगळा होऊ शकतो, हे युरोपने दाखवले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम ही दैनंदिन मर्यादा ठेवली होती. एप्रिल 2023 मध्ये ती 0.2 नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने हा आकडा अमान्य करून हजारपट मोठी मर्यादा सुचवली. वाद तेथेही आहे. पण वादाचा निकाल लागेपर्यंत नागरिकांनी रसायन गिळत राहावे, असे युरोपने मानले नाही. डिसेंबर 2024 मध्ये युरोपीय आयोगाने अन्नसंपर्कातील वस्तूंत बिस्फेनॉल ए वर बंदी घातली आणि तिला पर्याय म्हणून येऊ शकणाऱ्या इतर घातक बिस्फेनॉलांनाही नियमात गुंफले. हे फार महत्त्वाचे. कारण ‘ए’ काढून त्याचे सख्खे भावंड ‘एस’ घालायचे आणि वर शुद्धतेचे लेबल चिकटवायचे, हा बाजाराचा नेहमीचा मार्ग आहे.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने 2015 मध्ये बाळांच्या दूधबाटल्यांतून बिस्फेनॉल ए हद्दपार केले, हे स्वागतार्हच. परंतु बाटली सुटलेले मूल पुढे कचेरीत, लग्नमंडपात, टंचाईच्या गावात वीस लिटरच्या जारचे पाणी पिते. आणि असे अनेक जार पॉलिकार्बोनेटचेच असतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि आपली विद्यापीठे यांनी एकत्र येऊन असे संशोधन करावे, ही मागणी आपण जरूर करावी. मात्र क्लॅरिटीचा धडा ध्यानी घेऊन तीन अटी तिच्याबरोबरच मांडाव्यात. पैसा सार्वजनिक असावा. सर्व भागीदारांचे निकाल हाती आल्यावाचून कोणीही एकट्याने निष्कर्ष जाहीर करू नये. आणि संशयाचा फायदा रसायनाला नव्हे, तर गर्भवती स्त्रीला व बालकाला मिळावा.

प्रयोग सर्वांनी मिळून करायचा आणि निष्कर्ष एकाने सांगायचा, याला सहकार्य म्हणत नाहीत. शेतात राबणाऱ्याला पिकावर हक्क असावा असे म्हणणाऱ्या चळवळीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.