कोरियाचे सोने आणि जपानच्या मोटारी

घरात अडचण आली की आपल्याकडे सोने मोडतात. आधी गोफ, मग पाटल्या. जानेवारी १९९८मध्ये दक्षिण कोरियात मात्र सारा देशच सोने मोडायला निघाला होता. लग्नातल्या अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्या घेऊन लोक बँकांपुढे रांगा लावत होते. सुमारे ३५ लाख लोकांनी २२५ टनांच्या आसपास सोने जमा केले. हे दान नव्हते. सोने परदेशात विकले जाई, डॉलर देशाला मिळत आणि माणसाला त्याचे वॉन.

मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. डिसेंबर १९९७मध्ये इचलकरंजीचे एक सूत निर्यातदार माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचा माल कोरियाच्या वाटेवर होता. हाती कोरियन बँकेची एलसी, म्हणजे पैशाची लेखी हमी. "साहेब, बँकेची हमी असल्यावर काळजी नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले. सांगितले होते खरे. पण हमी देणाऱ्या बँकेकडेच डॉलर उरले नसतील, हे माझ्याही मनात आले नव्हते.

झाले होते असे. कोरियन बँकांनी परदेशातून कमी मुदतीचे डॉलर उचलून ते मोठ्या उद्योगसमूहांच्या लांब पल्ल्याच्या कारखान्यांत घातले होते. १९९७च्या जानेवारीत हानबो ही पोलाद कंपनी बुडाली, पुढे किया मोटर्स अडचणीत आली. २ जुलैला थायलंडने बाटचा डॉलरशी बांधलेला दर सोडला आणि सावकार घाबरले. दरवेळी नवे-जुने होणारे कर्ज त्यांनी परत मागितले. डॉलरला नऊशेच्या घरात असलेला वॉन डिसेंबरअखेर दोन हजाराला टेकला.

२१ नोव्हेंबरला कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागितली, ३ डिसेंबरला करार झाला. एकूण मदत ५,८०० कोटी डॉलरच्या आसपास, त्यात नाणेनिधीच्या २,१०० कोटी. व्याजदर चढवा, बुडीत वित्तसंस्था बंद करा, या अटी समजू शकतात. पण यादीत आणखी एक कलम होते, आणि मला आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

ज्या देशाशी व्यापारात मोठी तूट आहे, त्याच्याकडून ठराविक माल आणायचा नाही, असा नियम कोरियाने १९७८पासून ठेवला होता. जपानचे नाव त्यात नव्हते, पण रोख जपानवरच होता. जपानी मोटारी त्यामुळे कोरियात येत नसत आणि कोरियाच्या मोटार कंपन्या या भिंतीआड वाढल्या. ही भिंत जून १९९९पर्यंत पाडायचे कलम करारात आले. मदतीच्या दुसऱ्या फळीत जपानने १,००० कोटी आणि अमेरिकेने ५०० कोटी डॉलर देऊ केले होते. सावकार कर्ज देताना शेताच्या बांधाकडेही बघून घेतो, तसेच हे. वॉन घसरण्याशी जपानी मोटारीचा काय संबंध? देणे फेडण्यासाठी ज्यांची गरज नाही अशा सुधारणा नाणेनिधीने का लादाव्यात, असा आक्षेप मार्टिन फेल्डस्टीन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानेही १९९८मध्ये घेतला होता.

भिंत कायम राहायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. ती आज ना उद्या पडणारच होती. माझे म्हणणे वेळेविषयी आहे. १८ डिसेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि निवडून कोणीही आले तरी करार पाळू, असे प्रमुख उमेदवारांकडून लिहून घेतले गेले. मतदाराने मग निवडायचे काय?

गंमत अशी, की दार उघडले तेव्हा विकत घ्यायला लोकांकडे पैसाच नव्हता. १९९८मध्ये कोरियाची आयात एक तृतीयांशाहून अधिक घटली. निर्यातही डॉलरमध्ये वाढली नव्हती, किंचित कमीच झाली. तरी व्यापारात मोठी शिल्लक दिसली आणि तिलाच काही जण सुधारणांचे यश म्हणाले! त्याच वर्षी अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून अधिक आकसली, बेकारी सात टक्क्यांवर गेली. घरी सांगायची लाज वाटून सूट घालून बाहेर पडणारे आणि दिवसभर डोंगरात फिरून परतणारे लोक तेव्हाच्या बातम्यांत दिसत.

आपल्याकडे तारापोर समितीने १९९७च्या मध्यालाच, तीन वर्षांत रुपया भांडवली व्यवहारांसाठीही खुला करण्याची शिफारस केली होती. पाठोपाठ हे सारे घडले आणि ती शिफारस बाजूला राहिली. आमच्या विभागात त्या दिवशी कोणी त्याबद्दल तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

कोरियाने नाणेनिधीचे कर्ज ऑगस्ट २००१मध्ये मुदतीआधीच फेडले. इचलकरंजीच्या गृहस्थांचेही पैसे आले, सात आठवडे उशिरा. त्या सात आठवड्यांचे व्याज कोणी सोसायचे, यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी ते त्यांनाच सोसावे लागले.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)