बाजरीचा पाठ

शिक्षक बंधुभगिनींनो,

पेरणीचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून आज बाजरीविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आहे. अहिल्यानगर, बीड, सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त भागांत पुष्कळ मुले बाजरीच्या भाकरीवर वाढतात. परंतु हे पीक हलक्या माळरानावर कसे तगते, हे त्यांस क्वचितच कोणी समजावून दिलेले असते.

बाजरी मूळची आफ्रिकेतील, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील रुक्ष प्रदेशातील होय. 400 ते 500 मिलिमीटर पाऊस तिला पुरतो. तिची मुळे खोल जातात आणि फुटवे मागेपुढे निसवतात. पावसाने ओढ दिल्याने पहिले कणीस हुकले, तरी पाऊस परतल्यावर मागाहूनचा फुटवा दाणा धरू शकतो. सुमारे 80 ते 90 दिवसांत पीक हाती येते. सरमाड गुरांस होते.

तथापि काटक पिकासही शत्रू असतात. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पराग मागाहून. याच सुमारास पावसाची झड लागली, तर अरगट नावाची बुरशी आत शिरते. कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो व दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. त्या पिठात गेल्यास मळमळ, उलट्या व गुंगी येते. बियाण्यात राहिल्यास पुढील हंगामात रोग पुन्हा उद्भवतो.

यावरचा उपाय वर्गात करून दाखविता येतो. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात घरी राखलेले मूठभर बी टाकून ढवळावे. वर तरंगणाऱ्या गाठी व पोचट दाणे काढून जाळून टाकावेत. तळाचे बी साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे. दुकानातील बियाण्यास मात्र औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

पुढे मुलांस विचारावे : 10 लिटर पाण्यास मीठ किती लागेल? उत्तर 2 किलो. गणिताचे हे उत्तर मुलाने घरी सांगितले आणि वडिलांनी पेरणीपूर्वी तसे केले, तर आपला पाठ शेतापर्यंत पोहोचला. हेक्टरी तीनचार किलो बियाण्यावर घराची वर्षभराची भाकरी अवलंबून असते. पाभर चालू होण्यापूर्वी हा पाठ आपल्या शाळेत व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.