मुंबईतील मुक्काम : कुटुंबासाठी वस्तीची निवड

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

खेड्यातून मुंबईस जावयाचे ठरले म्हणजे घरातील माणसे गाडीचे आरक्षण करतात, कागदपत्रांची पिशवी बांधतात, वाटेत लागणारी शिदोरी सिद्ध ठेवतात; परंतु उतरावयाचे कोठे, हा प्रश्न बहुधा फलाटावर पाऊल ठेवल्यानंतरच पुढे येतो. एकट्या, धडधाकट माणसाचे यात फारसे बिघडत नाही. एखादी रात्र तो प्रतीक्षालयातही काढू शकतो. सोबत वृद्ध आई, शाळकरी मुले अथवा उपचारासाठी आणलेला रुग्ण असला म्हणजे मात्र मुक्कामाची वस्ती चुकल्याचे मोल पैशात आणि प्रकृतीत अशा दोन्ही प्रकारे द्यावे लागते. आणि जाण्यापूर्वी असे कुटुंब सल्ला विचारते ते शाळेतील गुरुजींना, ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना किंवा वॉर्डातील सदस्याला. म्हणून या विषयाची माहिती आपणांपाशी असणे अगत्याचे आहे.

वस्ती निवडण्याची कसोटी एका वाक्यात सांगता येते : कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीच्या पायांनी अंतर मोजावे. तरुण माणसाला दहा मिनिटांची वाटणारी वाट गुडघे दुखणाऱ्या आजीला अर्ध्या तासाची असते. रेल्वेचा पूल चढणे-उतरणे हे कडेवर मूल घेतलेल्या मातेला निराळेच काम होऊन बसते. नकाशावरील जवळीक आणि प्रत्यक्षातील जवळीक यांत मुंबईसारख्या नगरीत पुष्कळ अंतर असते.

कामाचे ठिकाण प्रथम

पहिला प्रश्न भाड्याचा नसून कामाच्या ठिकाणाचा आहे. बाहेरगावच्या रुग्णांचे उदाहरण घ्यावे. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, १९२९ सालचे वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय ही तिन्ही परळ भागात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. येथे येणाऱ्या कुटुंबाला परळ, दादर पूर्व आणि माटुंगा हा पट्टा सोयीचा ठरतो. तथापि "टाटाला जावयाचे आहे" एवढ्या माहितीवर निघू नये. त्याच संस्थेचे उपचार व संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघर येथेही आहे. तेथे बोलावलेल्या रुग्णाने परळला खोली घेतल्यास रोज खाडी ओलांडून जावे लागेल. म्हणून तारखेच्या कागदावरील पत्ता वाचून पाहणे, हे सल्ला देणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

दादर पूर्वेस श्री संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करुग्ण व त्यांचे नातलग यांच्यासाठी चालविली जाते. अशा ठिकाणी मागणी मोठी असते. म्हणून रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे निवाऱ्याची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. हा विभाग अशाच अडचणींसाठी असतो, ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

दादर-माटुंगा वस्ती कुटुंबाला का मानवते

या पट्ट्याची सोय केवळ योगायोगाने झालेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींतून ती वेगाने पसरली. त्यानंतर १८९८ साली शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथे आखीव वसाहती उभ्या राहिल्या. रुंद रस्ते, इमारतींमध्ये मोकळी जागा, उद्याने आणि शाळा यांचा विचार तेथे आधी झाला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्यानांचा परिसर ही त्याचीच फळे होत. पश्चिमेकडील शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान १९२५ साली नागरिकांसाठी खुले झाले. शंभर वर्षांपूर्वी रोगराई टाळण्यासाठी राखलेली मोकळी जागा आज परगावच्या मुलाला संध्याकाळी धावावयास मिळते. दिवसभर खोलीत कोंडलेल्या मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्या मातेलाही अशा मैदानाचे मोल कळते.

दळणवळणाच्या दृष्टीने पाहता, मध्य व पश्चिम या दोन्ही उपनगरी रेल्वेमार्गांची स्थानके दादरला एकमेकांस लागून आहेत आणि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्याही तेथे थांबतात. पूर्वी दोन्ही मार्गांवर फलाट क्रमांक एक होता आणि त्यामुळे नवख्या माणसाची फसगत होई. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक दिले गेले. परळ हे दादरहून धिम्या गाडीने एकच स्थानक. भुयारी मेट्रोचा आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर दादर, सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व चर्चगेट ही स्थानके आहेत. उद्वाहकाची सोय असल्याने वृद्धांना हा मार्ग लोकलपेक्षा सुखाचा आहे.

सहलीसाठी आलेल्या कुटुंबालाही हा मध्यवर्ती पट्टा उपयोगी पडतो. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, १९७७ साली उघडलेले नेहरू तारांगण आणि भायखळ्याची राणीची बाग ही मुलांची आवडती स्थळे येथून एकेका दिवसात सहज पाहता येतात. मात्र राणीची बाग बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

एकाच नावाची दोन रूपे

वस्तीचे नाव कळले म्हणजे निवड पूर्ण झाली, असे मात्र नाही. दादर पश्चिमेस स्थानकाबाहेर फुलांचा बाजार पहाटेपूर्वीच गजबजतो आणि दिवसभर फेरीवाले व ग्राहक यांची रीघ असते. त्याच दादरच्या पूर्वेस पाच-दहा मिनिटांवर झाडांच्या सावलीतील शांत गल्ल्या आहेत. स्थानकालगतची खोली सामान घेऊन पोहोचण्यास सोपी, पण तेथे आजाऱ्याची झोप होत नाही. आतील वस्तीत खोल्या थोड्या, म्हणून चौकशी आधी करावी लागते. येथे माणसाने आपल्या कुटुंबाची गरज पाहून ठरवावे.

फोर्ट व कुलाबा हा भाग संग्रहालये, गेट वे ऑफ इंडिया आणि समुद्रकिनारा पाहण्यास उत्तम. परंतु तेथील भाडी चढी असतात आणि फोर्टमधील कचेऱ्या सुटल्यावर बरेच रस्ते सुनसान होतात. अंधेरी-सहार परिसर पहाटेचे विमान गाठणाऱ्याला सोयीचा; परळच्या रुग्णालयासाठी मात्र तो दूरचा. नातेवाइकांकडे उतरण्याची आपली रीत मायेची आहे, तरी तिचाही हिशेब मांडावा. कल्याण हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटर, तर दादर अवघे ९ किलोमीटर. सकाळच्या गर्दीत कल्याणहून रुग्णाला रोज परळला आणणे हे नातलगांच्या प्रेमानेही सोपे होत नाही. अशा वेळी उपचाराचे दिवस रुग्णालयाजवळ काढून रविवारी नातलगांकडे जावे, म्हणजे दोन्ही साधते.

भाड्याचा विचार याच रीतीने करावा. समजा, दूरच्या उपनगरात खोली रोज सहाशे रुपयांनी स्वस्त मिळाली. परंतु रुग्णाला लोकलमध्ये उभे राहवत नाही म्हणून जाता-येता टॅक्सीला सातशे रुपये पडले, तर ती खोली महागच म्हणावयाची.

पाऊस, उत्सव आणि गर्दीच्या वेळा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य माणसे जेथल्या तेथे अडकली. एवढा प्रसंग विरळा. तथापि जोरदार पाऊस व मोठी भरती एकत्र आल्यास सखल भागात पाणी साचते. दादर व परळ यांच्या दरम्यानचा हिंदमाता परिसर यासाठी प्रसिद्ध आहे. महानगरपालिकेने तेथील पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत, तरीही पावसाळ्यात रुग्णालयाची तारीख असल्यास हिंदमाता ओलांडावे लागणार नाही अशी जागा पाहणे शहाणपणाचे. गणेशोत्सवात लालबाग-परळ येथे, तर ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमी व शिवाजी पार्क येथे मोठा जनसमुदाय लोटतो. त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत. दर्शनासाठी येणाऱ्यांनी त्या हिशेबाने यावे. इतरांनी शक्य तर तारीख बदलून घ्यावी. रोजच्या प्रवासातही सकाळी अकराच्या आत दक्षिणेकडे आणि सायंकाळी पाचनंतर उत्तरेकडे मुलांसह लोकलने जाणे टाळावे.

खोली घेण्यापूर्वी

खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मजला कितवा, उद्वाहक चालू आहे काय, शौचालय खोलीत आहे की बाहेर, पाणी किती वेळ येते, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे विचारावे. दिवस दुपारी बारापर्यंत धरतात की चोवीस तासांचा, आणि सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे काय, हे आधी ठरवून पावती घ्यावी. सर्व प्रौढ व्यक्तींची ओळखपत्रे जवळ असावीत. जवळपास औषधांचे दुकान, दूध आणि साधा वरणभात मिळतो काय, हे पाहावे. शक्य तर अंधार पडल्यावर एकदा तो रस्ता चालून यावा. दिवे लागलेले असतील, बायका-मुले निर्धास्तपणे ये-जा करीत असतील, तर ती वस्ती कुटुंबाची आहे असे समजावे. मुलांना मुक्कामाचा पत्ता पाठ करवून, त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवावी. संकटकाळी ११२ आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक त्या चिठ्ठीवर असावेत.

सभ्य स्त्री-पुरुषहो, या सर्व गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात व शाळेत एक वही ठेवावी. गावातील जे कुटुंब मुंबईस, पुण्यास वा नागपुरास जाऊन आले, त्याने कोठे मुक्काम केला, भाडे किती पडले, रुग्णालय वा कचेरी किती दूर होती आणि अडचण कोणती आली, हे तीत नोंदवावे. माहिती जुनी होते, म्हणून नोंदीपुढे तारीख घालावी. पुढच्या कुटुंबाला त्या वहीतील दोन पाने वाचून दाखविली, तर आजारी मुलाला घेऊन निघालेल्या मातेला त्या अफाट नगरीत पहिल्या रात्री कोठे टेकावयाचे हे घरून निघतानाच ठाऊक असेल. लोकप्रतिनिधीला आणि शिक्षकाला सहज करता येण्याजोगी ही सेवा आहे, आणि तिची गरज गावागावांत आहे.