ब्रेक दाबून बघितला का?



आयोजक म्हणाले, "तू इंग्लंडात असतोस, तिकडचं काहीतरी सांग." तिकडच्या पावसाबद्दल सगळेच सांगतात. मी माझ्या गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. टेक्निकलच्या सरांना तरी ते आवडेल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनत असे. घरी तिला आम्ही 'म्हातारी' म्हणतो. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. सर्वो नाही, त्यामुळे पायात जोर असेल तेवढाच ब्रेक. चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच मार्गाने जातं. आजच्या गाड्यांत दोन मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा राहतो. म्हातारीकडे ती सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी पुढचे पॅड झिजले. ते मीच बदलायचे ठरवले. हिची चाकं तारांची, मधला मोठा नट हातोडीने ठोकून सोडवायचा, आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. पहिल्यांदा मी तो सोडवायच्या ऐवजी आवळतच होतो! गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली, स्प्लिट पिना काढल्या, जुने पॅड बाहेर ओढले. जुन्या पॅडच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. म्हणून तिथे फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

नवे पॅड मात्र आत जाईनात. मागच्या पोलादी पट्टीच्या कडांवर रंगाचा जाड थर होता. ठोकून बसवले असते तर अडकून राहिले असते. सर, त्या दिवशी तुमची कानस आठवली. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. आठवीत तुम्ही आमच्याकडून महिनाभर तेवढंच करून घेतलं होतं आणि आम्ही मागून कुरकुरत होतो. दहा मिनिटांत पॅड बोटाने सरकेल असा झाला.

नवा पॅड जाड, म्हणून कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकलावे लागतात. ढकलले की ऑइल उलटं वर टाकीत चढतं, आणि टाकी भरून वाहिली तर गाडीचा रंग खातं. मी आधीच थोडं ऑइल काढून ठेवलं होतं. स्वतःवर फार खूश होतो.

चाकं बसवली. तेवढ्यात घरातून चहाची हाक आली. आमच्या गॅरेजपुढे थोडी सपाट जागा आहे, मग रस्त्यापर्यंत उतार. म्हटलं, एक चक्कर मारून येतो. गाडी रिव्हर्समध्ये टाकून मागे घेतली, उताराला लागली आणि ब्रेक दाबला. पॅडल सरळ तळाला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाली फुटपाथवरून शेजारची सहा-सात वर्षांची मुलगी सायकल घेऊन येत होती.

हँडब्रेक ओढला. तो तारेने मागच्या ड्रमवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. गाडी फुटपाथच्या कडेला थांबली. मुलगी हात हलवून पुढे गेली. तिला काहीच कळलं नाही. मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

बिघाड काहीच नव्हता. मागे ढकललेले पिस्टन पुढे येऊन पॅड डिस्कला टेकेपर्यंत पॅडल चार-पाच वेळा पूर्ण दाबावं लागतं. गाडी जागेवर असताना. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हेच मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

वर्गात जॉब झाला असं म्हणून आपण सरांपुढे धरायचो. सर गुण्या लावून तो उजेडाकडे धरत. मधून उजेड दिसला की परत. मी त्या दिवशी उजेडाकडे धरायचंच विसरलो, चहापायी.

बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले. ती रागावली नाही. तिने एक पुठ्ठा घेतला, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ब्रेक दाबून बघितला का?" आणि दोरी ओवून दिली. आता चाक काढलं की आधी तो पुठ्ठा स्टिअरिंगला अडकतो. शेजारच्या इंग्रज गृहस्थांनी, त्या मुलीच्या आजोबांनी, एकदा त्याचा अर्थ विचारला. मी सगळं खरं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. हल्ली मी गाडी बाहेर काढायला लागलो की कुंपणापलीकडून ते मोडक्या मराठीत ओरडतात, "दाबून बघितला का?"