चौकशीचा फॉर्म आणि नावाची पाटी



घर घ्यायचे म्हटले की पूर्वी माणूस चार ओळखीच्यांना विचारीत असे, मग एखाद्या एजंटाच्या दुकानाची पायरी चढत असे. आता तो रात्री जेवण झाल्यावर मोबाइल हातात घेतो आणि जागा पाहत बसतो. राजारामपुरीतला फ्लॅट, कळंब्याकडचा प्लॉट, फुलेवाडीतले रो-हाउस. फोटो पाहून होतात, किंमत वाचून होते, आणि खाली एक चौकट येते. नाव, मोबाइल नंबर, ई-मेल, आणि त्याखाली एक रंगीत बटण. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या चौकटीविषयी.

धंद्यातले लोक हिला 'लीड फॉर्म' म्हणतात आणि तिच्यातून आलेल्या नाव-नंबराला नुसते 'लीड'. मी तिला चौकशीचा फॉर्म म्हणेन. कारण तो भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती चौकशीच असते. तो काही आपला नंबर कुणाच्या वहीत नोंदवायला आलेला नसतो. त्याला एक प्रश्न पडलेला असतो आणि त्याचे उत्तर हवे असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर फॉर्म कसा करावा याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

वेबसाइट करून घेताना हा फॉर्म बहुधा तयारच मिळतो. कपड्याच्या दुकानातल्या तयार सदऱ्यासारखा तो कुणाच्याही अंगाला होतो आणि कुणालाच नीट बसत नाही. मग बिल्डर किंवा एजंट वेबसाइट करणाऱ्याला सांगतो, "आमचं बोधचिन्ह टाका, आमचा रंग द्या." तेवढे झाले की फॉर्म आपला झाला असे त्याला वाटते. पाटी रंगवून झाली, हे खरे. पण दारावर पाटी लावली की दार उघडायलाही कुणीतरी लागते.

पाटीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. नव्व्याण्णव एकर्स २००५ साली सुरू झाले, मॅजिकब्रिक्स २००६ साली. अशा मोठ्या पोर्टलांवर हजारो जागा एका ठिकाणी पाहता येतात, ही सोय मोठीच आहे. पण तिथे एका जागेची चौकशी केली की तिच्यासारख्या दुसऱ्या जागांसाठीही फोन येऊ लागतात, आणि आपला नंबर नेमका कुणाकुणाकडे गेला हे माणसाला उमगत नाही. स्वतःच्या वेबसाइटवर, स्वतःच्या नावाचा फॉर्म ठेवण्यात खरा अर्थ आहे तो इथे. तुमची चौकशी आमच्याकडेच राहील आणि तिचे उत्तर आम्हीच देऊ, असे तो फॉर्म सांगत असतो. म्हणून बोधचिन्हाबरोबर कचेरीचा पत्ता, कामाची वेळ आणि महारेराचा नोंदणी क्रमांक या गोष्टी बटणाच्या शेजारी हव्यात, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नकोत.

गुळाच्या व्यापारावर वाढलेल्या कोल्हापूरला अडत, दलाली आणि सौदा हे शब्द कुणी शिकवायला नकोत. जुन्या बाजारपेठांत 'हत्ता' पद्धत असे. दोन हात रुमालाखाली जात, बोटे दाबून भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी नुसता रुमालाकडे पाहत राही. बाजारनियमनाच्या कायद्यांनी ही पद्धत मोडीत काढली आणि उघड लिलाव आणला. चौकशीचा फॉर्मसुद्धा असा रुमाल होऊ शकतो. वर नाव आणि नंबर लिहायचा, आणि खाली त्याचे काय होते हे लिहिणाऱ्याला कळायचेच नाही. आपला फॉर्म रुमाल होऊ द्यायचा नाही, हे मालकाने पहिल्याच दिवशी ठरवावे.

आता प्रश्न येतो काय काय विचारावे याचा. प्रत्येक रकाना हा समोरच्या माणसाला पडणारा एक कष्ट आहे. रकाना वाढवण्यापूर्वी स्वतःला विचारावे, पहिला फोन करण्यासाठी हे उत्तर मला लागणार आहे का? लागणार नसेल तर रकाना नको. नाव, नंबर, आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, एवढ्यावर बहुतेक काम भागते. ई-मेल ऐच्छिक ठेवावा. कोणत्या जागेची चौकशी आहे हे तर माणसाला विचारूच नये. ज्या जागेच्या पानावर फॉर्म आहे तिचा क्रमांक फॉर्मने गुपचूप आपल्याबरोबर न्यावा. ही सोय वेबसाइट करणाऱ्याला अवघड नसते, सांगावी मात्र लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी फोनवर "कुठली जागा म्हणालात?" असे विचारण्याची पाळी येते, आणि पाहुणा तिथेच अर्धा परत फिरतो.

यापुढे जे विचारायचे ते गावाप्रमाणे बदलते. तयार फॉर्म दिल्लीला चालतो तसाच इथे चालत नाही तो यामुळे. कोल्हापुरात प्लॉट घेणारा गुंठ्यात बोलतो, फ्लॅट घेणारा चौरस फुटात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे गणित फॉर्मने करावे, माणसाला करायला लावू नये. फ्लॅटच्या बाबतीत आकडा चटई क्षेत्राचा आहे हे स्पष्ट लिहावे, कारण कायद्याने विक्री त्याच क्षेत्रावर करायची असते. प्लॉट असेल तर बिगरशेती आदेश, सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहायला मिळेल का, हा चौकशीतला पहिला प्रश्न असतो. 'कागदपत्रे पाहायची आहेत' अशी एक खूण करण्याची जागा ठेवली, तर फोन करणारा माणूस कागद काढूनच फोनला बसेल.

दुसरी गोष्ट पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी या आकड्यांच्या कितीतरी वर गेले आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत लोकांनी ते पाहिले. त्यानंतर इथे घर घेणारा प्रत्येक माणूस मनात एक प्रश्न घेऊन येतो. पण विचारायला संकोचतो. फॉर्ममध्येच लिहा, 'पूररेषेविषयी माहिती हवी'. जो बिल्डर हा प्रश्न आपल्या हाताने छापतो, त्याच्या उत्तरावर लोकांचा विश्वास बसतो. आणि ज्याला हा प्रश्न छापायची भीती वाटते, त्याच्या जागेविषयी गिऱ्हाइकाने काय समजायचे ते समजावे.

मागण्याही बदलत असतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांचे काम इथे येते. रत्नागिरीच्या किंवा सोलापूरच्या वकिलाला इथे कचेरी हवी असेल, तर त्याला 'किती बेडरूम?' विचारून काय उपयोग? त्याला भाडे, पार्किंग आणि न्यायालयापासूनचे अंतर हवे असते. म्हणून घर, प्लॉट, दुकान, कचेरी यांना वेगवेगळे फॉर्म असावेत, किंवा पहिल्या उत्तराप्रमाणे पुढचे प्रश्न बदलावेत.

आता थोडे बारीक कामाविषयी बोलू. फॉर्म मराठीत असावा, इंग्रजीची सोय शेजारी असावी. मराठी म्हणजे बोजड मराठी नव्हे. बटणावर 'सादर करा' असे सरकारी अर्जासारखे कशाला? 'जागा पाहायची वेळ ठरवा' किंवा 'आम्हांला फोन करा' असे लिहावे. बटण दाबले की काय होणार ते त्यातच कळते. रकान्याचे नाव रकान्याच्या वर असावे. काही फॉर्मांत ते रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत असते आणि पहिले अक्षर टाइप करताच नाहीसे होते. वयस्कर माणूस मग इथे काय लिहायचे होते ते विसरतो. नंबराच्या रकान्यावर बोट ठेवताच आकड्यांचा कळफलक उघडावा. कुणी देवनागरी आकडे लिहिले तर तेही चालावेत. फक्त दहाच आकडे घेणारा रकाना दुबईत नोकरी करणाऱ्या कागलच्या मुलाला दारातूनच परत पाठवतो, आणि आईवडिलांसाठी घर पाहणारा बहुधा तोच असतो. चूक झाली तर तिथल्या तिथे, साध्या शब्दांत सांगावे. भरलेले सगळे पुसून 'पुन्हा भरा' म्हणू नये.

काय विचारू नये, हेही सांगितले पाहिजे. आधार क्रमांक, पगार, नोकरीचा पत्ता यांची पहिल्या चौकशीत काही गरज नाही. आणि जात, धर्म, 'शाकाहारी की मांसाहारी' हे रकाने तर कुठल्याच फॉर्मवर नसावेत. हे रकाने उघड असतात असे नाही. कधी आडनाव विचारण्याच्या निमित्ताने तेच चाळून घेतले जाते. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या गावाच्या फॉर्मने माणसाला घर दाखवण्याआधी त्याची जात पाहावी, हे शोभणारे नाही.

या विषयाला कायद्याची बाजूही आहे, आणि तिच्यात अनेकजण अडखळतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात करता येत नाही आणि कुणाला खरेदीचे निमंत्रणही देता येत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प यातून वगळले आहेत. म्हणजे नोंदणीआधी 'लवकरच येत आहे, नाव नोंदवा' असा फॉर्म लावणे हा नुसता उत्साह नाही, कायद्याचा भंग होऊ शकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड द्यावा लागतो. विक्रीचा नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जाहिरातीत खोटी माहिती देऊन कुणाचे नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी येते. फॉर्मच्या वर लिहिलेले प्रत्येक वाक्य या कसोटीवर तपासून पाहावे.

दुसरा कायदा वैयक्तिक माहितीचा. तो २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्याचा गाभा घरातल्या माणसालाही पटेल असा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. संमती मोकळेपणाने दिलेली असावी, आणि दिली तितक्याच सहजपणे परत घेता यावी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा मराठीसह आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी. म्हणून 'मला या जागेविषयी फोन करा' ही खूण वेगळी, आणि 'बँकेच्या कर्जाविषयी कळवा' ही खूण वेगळी ठेवावी. दोन्ही खुणा माणसाने स्वतः कराव्यात. आधीच करून ठेवलेली खूण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने मारलेली सही.

आणि बटण दाबल्यावर काय? इथेच पाटीची खरी परीक्षा होते. ताबडतोब एक छोटा निरोप जावा: तुमची चौकशी मिळाली, अमुक वेळेला अमुक क्रमांकावरून फोन येईल. मग तो फोन त्याच वेळेला, त्याच क्रमांकावरून यावा. जागा विकली गेली असेल तर तसे सांगावे आणि ते पान त्याच दिवशी उतरवावे. विकलेली जागा फक्त नंबर गोळा करण्यासाठी वेबसाइटवर ठेवणे हा लबाडीचा धंदा आहे. कोल्हापूरसारख्या गावात ही गोष्ट चार दिवसांत गंगावेशीपासून रुईकर कॉलनीपर्यंत पोहोचते.

घर शोधणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही दोन गोष्टी सांगतो. नंबर लिहिण्यापूर्वी नोंदणी क्रमांक शोधा आणि महारेराच्या वेबसाइटवर तो ताडून पाहा. संमतीचे वाक्य वाचा; 'आमच्या सहयोगी संस्था' असा शब्द दिसला तर त्या कोणत्या ते विचारा. नको असलेले फोन येऊ लागले तर १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि फॉर्म भरला म्हणून तुम्ही कुणाला बांधलेले नाही. चौकशी म्हणजे इसार नव्हे.

बिल्डर आणि एजंट मंडळींना मी एवढेच सुचवीन. आज रात्री आपल्याच वेबसाइटवर जा, साध्या मोबाइलवरून आपलाच फॉर्म भरा, आणि दुसऱ्या दिवशी काय होते ते पाहा. फोन आला का? कुणाचा आला? त्याला जागा ठाऊक होती का? आपल्याकडे दारात आलेल्याला "या पावणं, बसा" म्हणतात, पाणी देतात, आणि मग काय काम काढलंत ते विचारतात. समोरचा माणूस आयुष्यभराची शिल्लक घेऊन आलेला असतो. त्याला आधी आपले नाव सांगावे, मग त्याचे विचारावे, आणि जेवढ्याचे उत्तर देणार आहोत तेवढेच विचारावे.