न सुटणारा ब्रेक

म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ ही औद्योगिक वसाहत आहे. राजवाडा, चंदन आणि दसरा पाहून परतणाऱ्या प्रवाशाचे पाऊल सहसा तिकडे वळत नाही. पण या शहराचा वाहनांशी जुना ऋणानुबंध आहे. १९६१ साली येथील यादवगिरीत जावा मोटारसायकलींचा कारखाना निघाला आणि १९९६ पर्यंत चालला. हेब्बाळजवळच्या हूटगळ्ळीत १९८१ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कंपनी अवजड वाहनांचे आस व ब्रेक बनविते. पुण्याच्या कल्याणी समूहाचा तिच्यात वाटा आहे. आजच्या भाषणाचा विषय ब्रेकच आहे, मात्र तो बिघडलेला.

हेब्बाळमधल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात एटीव्ही आली आहे अशी कल्पना करावी. फुगीर टायरांची चार चाके, घोड्यावर बसावे तशी बैठक आणि हातात मोटारसायकलीसारखे हँडल, असे हे वाहन. चिखल, वाळू, चढउतार यांची त्याला तमा नसते. मालकाची तक्रार अशी, की गाडी ओढत नाही, पेट्रोल फार खाते आणि पुढच्या एका चाकाशी जळका वास येतो. "बाकी ब्रेक मात्र उत्तम लागतो हो!" असे तो समाधानाने सांगतो. जाणता कारागीर नेमका या शेवटच्या वाक्याने सावध होतो.

ब्रेकचे काम दुहेरी आहे: धरणे आणि सोडणे. हँडलावरील दांडी दाबली की मास्टर सिलिंडरमधील द्रव ढकलला जातो, तो दाब नळीवाटे चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि तेथील पिस्टन पॅडला चकतीवर दाबतो. सोडण्यासाठी मात्र येथे कमान नसते. पिस्टनभोवतीचे रबरी कडे दाबाने किंचित पिळलेले असते. दाब गेला की ते पूर्ववत होताना पिस्टनला मागे घेते, आणि तेही मिलिमीटरच्या अंशाइतकेच. एवढ्याशा अंतरावर सारा कारभार! किनाऱ्यावरची खारी वाळू किंवा वाळून दगड झालेला चिखल तेथे अडकला, पिस्टन गंजला, कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते कोरडे पडले, की चाक मोकळे होत नाही.

मग दोष शोधावा कसा? पुर्जे बदलण्याची घाई करू नये. गाडी उचलून, ब्रेक सोडून, प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. जे अडते त्याच्या कॅलिपरवरील निपल किंचित सैल करावे. द्रवाची चिळकांडी उडून चाक सुटले, तर दाब आत कोंडला होता असे समजावे. निपल उघडूनही चाक सुटले नाही, तर दोष पिस्टन, खिळे, चिखल किंवा हँडब्रेकची अडकलेली केबल यांत आहे. कोंडलेल्या दाबाचे स्थानही कळते. गाडी पुन्हा अडेल तेव्हा मास्टर सिलिंडरपाशी नळीचा सांधा सैल करावा. चाक सुटले तर दोष सिलिंडरमध्ये. तरीही न सुटले तर रबरी नळी आतून सुजून बुजलेली असणार. अशी नळी बाहेरून पुष्कळदा धडधाकट दिसते.

मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. दांडी सुटली की तापून फुगलेला द्रव त्यातून टाकीत परततो. गाळाने ते बुजले, किंवा दांडीला थोडीही मोकळी चाल न राहिल्याने पिस्टन त्याच्या मागे सरकेना, की दुष्टचक्र सुरू होते. घर्षणाने उष्णता, उष्णतेने द्रवाचे प्रसरण, प्रसरणाने दाब आणि दाबाने आणखी घर्षण. मालकाला जो ब्रेक 'उत्तम लागतो' असे वाटते, तो बहुधा या फेऱ्यातच असतो.

याला हातभार लावते ते एक नाव. आपल्याकडे या द्रवाला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. पण डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचा हा द्रव तेल नव्हे. नावावर विसंबून कोणी टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक जाम होतो. मग केवळ द्रव बदलून भागत नाही, सारी रबरे बदलावी लागतात. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तो १४० पर्यंत उतरू शकतो.

आता हीच गाडी चामुंडी टेकडीवरून उतरत आहे असे समजावे. टेकडी शहरापासून अंदाजे तीनशे मीटर उंच. स्वारासह पाचशे किलो वजनाच्या गाडीची ही उंची केवळ ब्रेकने झेलायची म्हटली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेत साडेचार लिटर पाणी उकळीला येईल. आधीच तापलेल्या चकतीशी ओलसर द्रव उकळतो आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. दांडी हँडलाला टेकते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. मघापर्यंत जो ब्रेक सुटत नव्हता, तो आता लागत नाही. चढलेल्या गिअरनेच घाट उतरावा, हा आपल्या जुन्या ट्रकचालकांचा दंडक या हिशेबातून आला आहे.

हेब्बाळचा आपला कारागीर म्हणूनच तापलेल्या चकतीवर पाणी मारीत नाही. ती निवेपर्यंत थांबतो. पिस्टन साफ करतो, रबरे पाहतो, खिळ्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावतो, नवा द्रव भरून एअर काढतो आणि चाक पुन्हा हाताने फिरवून पाहतो. फळीवर गेल्या पावसाळ्यातला, अर्धवट भरलेला, सैल झाकणाचा डबा असतो. मालक तोच वापरण्याचा आग्रह धरतो, पण कारागीर तो बाजूला ठेवतो आणि सीलबंद डबा आणावयास पोराला पिटाळतो.