वर धरलेली नाव

(बीड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय ‘त्रिकोणमिती’ असा छापलाय. मी गोदावरीवर बोलणार आहे. साइनचा तक्ता मुलाच्या हाती देण्याआधी त्याला एकदा नावेत बसवा, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, नदीच्या अलीकडं, आजोळ पलीकडं. जायकवाडी धरण व्हायच्या आधीची गोष्ट. समोरच्या काठावर देऊळ दिसायचं आणि नावाडीमामा नावेचं तोंड भलतीकडंच, वरच्या अंगाला धरायचे. मी विचारलं, तर म्हणाले, “देवळाकडं तोंड केलंस तर खालच्या गावाला उतरशील, पोरा. वर बघ, म्हंजी समोर जाशील.”

आता हेच फळ्यावर. नाव सेकंदाला 2 मीटर चालते, पाणी 1 मीटरनं ओढतं, पात्र 300 मीटर. नाव नाकासमोर धरली तर 150 सेकंदांत पलीकडं जाल, पण देवळाच्या 150 मीटर खाली. देवळाशीच उतरायचं, तर नावेच्या वेगातला एक हिस्सा प्रवाहाशी झुंजायला द्यावा लागतो. 1 भागिले 2, म्हणजे अर्धा. साइन अर्धा कुठं? 30 अंशांवर. तेवढी नाव वर धरा. पुढं जायला सेकंदाला 1.73 मीटर उरतात, 173 सेकंद लागतात. सरळ उतरण्याची किंमत तेवीस सेकंद.

(“सर, हे परीक्षेला येतं का?” – हशा)

येतं. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सापेक्ष वेग आहे. पण हसू नका. मुलं हा कोन पाठ करतात आणि नदी पाहत नाहीत, हे मला मनापासून लागतं. साइनला आपला शब्द ‘ज्या’, धनुष्याची दोरी. तीच अरबीतून लॅटिनमध्ये जाताना ‘सायनस’ झाली. भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात ज्योत्पत्ती आहे, दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायची रीत आहे. ते आपल्या बीडचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, हा वाद आज नको. मागच्या रांगेत दोन्ही पक्षांचे लोक दिसताहेत. (हशा)

मग प्रवाह नावेपेक्षा जोराचा असला तर? पाणी 4, नाव 2. भागाकार येतो 2. तक्त्यात 2 शोधा; साइन 1 च्या वर जातच नाही. समोर नेणारा कोन नाहीच. पूर म्हणजे काय, ते तक्ता एवढ्याच शब्दांत सांगतो.

इथं राक्षसभुवनची लढाई आठवते. 10 ऑगस्ट 1763. पानिपत, निजामानं लुटलेलं पुणे, पेशवे घराण्यातल्या काका-पुतण्यांची तेढ, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. भर पावसाळ्यात निजामाचं सैन्य गोदावरी ओलांडत होतं. निजाम पलीकडं पोचला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडं, आपल्याच काठावर होता. मराठ्यांनी तिथं त्याला गाठलं. अठरा वर्षांचे पेशवे माधवराव त्या रणात होते. विठ्ठल सुंदर पडला. निजाम पलीकडच्या काठावर आणि मधे फुगलेलं पाणी. त्या सकाळी नावाडी काय म्हणाले असतील, कोणी कोणाला थांबवलं असेल, याचा मी कितीदा विचार केलाय! इतिहासाचे प्राध्यापक म्हणतील, गणितवाल्यानं आमच्या अंगणात येऊ नये. पण फौज दोन काठांवर का विभागली जाते, हे नदीला विचारल्याशिवाय कळत नाही…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तक्ता घ्यायचा राहिला, तो पुढच्या वर्षी. एवढंच मात्र सांगू द्या: समोर जाता येत नसलं तरी कमीत कमी वाहत जाता येतं. 4 आणि 2 च्या पुरात नाव सरळ धरली तर 600 मीटर खाली जाल. 30 अंश वर धरली तर सुमारे 520. यापेक्षा कमी कुठल्याच कोनानं होत नाही. मग देवळाशी कसं उतरायचं? मामा आधी नाव दोरीनं काठाकाठानं वर ओढत न्यायचे आणि मग सोडायचे. आम्ही पोरं मागं चालत पावलं मोजायचो. श्रावणात पावलं फार भरायची. दिवाळीला नाव जागेवरूनच सुटायची.